नऊ दिवसांच्या गोळ्या

उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत सगळ्यांची घड्याळं बंद पडली असती, तरी कडूबाईच्या घरातले सकाळचे सात चुकले नसते. सात वाजले की ती डाव्या तळहातावर गोळी आणि उजव्या हातात पाण्याचा पेला घेऊन लेकापुढं उभी राहायची. अतुल गोळी तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा, आणि मग तो पस्तिशीचा बाप्या आईपुढं आ करायचा. कडूबाई जिभेखाली बघून घ्यायची. मगच चहा, मगच चिकलठाण्याला कंपनीत जाणं. आठ वर्षं हे असंच चाललं होतं. गल्लीला एवढंच ठाऊक, की अतुलला मागं टीबी झाला होता आणि तेव्हापासून तो ताकदीच्या गोळ्या खातो.

टीबी झाला होता, ते खोटं नव्हतं. त्याच्या खाली दुसरं काय होतं ते रक्त तपासल्यावर निघालं. एचआयव्ही. कुठून आलं, कसं आलं, हे कडूबाईनं लेकाला विचारलं नाही. विचारून तो सांगणार नव्हता, आणि सांगितलं असतं तर तिला ते सोसलं नसतं. तेव्हा त्याचं वजन अडतीस किलो. डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "उशिरा आणलंत. अंगात वजन नाही, रक्तात पांढऱ्या पेशी नाहीत, वर टीबी. असल्या पेशंटचे पहिले सहा महिनेच अवघड. ते निघाले आणि गोळी चुकली नाही, तर हा म्हातारा होईल."

शेजारच्या खाटेवर अप्पाराव नावाचा माणूस होता. वजन अतुलपेक्षा जास्त, पेशी जास्त, पण घरी कोणी नाही आणि संध्याकाळी दारू. चौथ्या महिन्यात तो गेला. अतुल राहिला. गोळ्यांच्या सेंटरवरच्या समुपदेशक अजरा मॅडम तेव्हा बोलून गेल्या, "अम्मा, ज्याच्या हातावर गोळी ठेवणारं घरात कोणी आहे, तो टिकतो." कडूबाई दुसरीपर्यंत शिकलेली. वजन, पेशी, टीबी, दारू हे सगळं तिनं ऐकलं आणि सोडून दिलं. हातावर गोळी ठेवणारं माणूस, एवढंच तिनं धरून ठेवलं. आपला हात आहे म्हणून पोरगं आहे, हे तिच्या मनात असं बसलं की त्याच्यापुढं डॉक्टरलाही ती कंपाउंडर समजायला लागली.

सेंटरनं दिलेल्या अतुलच्या हिरव्या पुस्तकात पहिल्याच पानावर, काळजी घेणाऱ्या माणसाच्या रकान्यात, तिचं नाव होतं. कडूबाई कचरू दाभाडे. तिला वाचता येणारे तीन शब्द ते एवढेच. सेंटरवर नंबर लागेपर्यंत ती पान उघडून बसायची. अजरा मॅडम बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या, ते तर तिचं मोठं सुख. एक इकडं नाही, एक तिकडं नाही. मॅडम नव्या पेशंटला सांगायच्या, "या अम्माला बघा." मग कडूबाई पदर सारखा करून मान वळवायची, जसं काही ऐकूच आलं नाही.

विशाखाला सून म्हणून तिनंच आणलं. एका संस्थेनं अशा आजाराच्या मुलामुलींचा वधूवर मेळावा भरवला होता, तिथं कडूबाईनं तीन तास बसून पारख केली. विशाखा जालन्याची. अंगानं बारीक. पहिला नवरा याच आजारानं गेलेला, स्वतःच्या त्याच गोळ्या चालू. मान खाली. कडूबाईला वाटलं, हिला पथ्यपाणी ठाऊक आहे म्हणजे शिकवायला नको, आणि हिला आवाज नाही म्हणजे घर आपल्याच आवाजात चालेल. विहारात साध्या पद्धतीनं लग्न झालं.

आवाज नव्हता, ते खरं. पण बाई सहाला उठायची.

लग्नाला दीड महिना झाला असेल. कडूबाई सातला गोळी काढायला बाटलीकडं गेली, तर अतुल चहा पीत बसलेला.

"आधी चहा कसा काय?"

"झाली आई गोळी. विशाखानं दिली. तिची काढली तशी माझी पण काढली."

"आ कर."

"आई, पाऊण तास झाला."

त्यानं आ केला नाही. आत विशाखा पोळी लाटत होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या. कडूबाईला त्या दिवसापासून तो आवाज सहन होईना.

मग शर्यत लागली. कडूबाई पावणेसहाला उठली, तर विशाखा साडेपाचला. कडूबाईनं बाटली आपल्या उशाशी ठेवली. मग विशाखा नवऱ्याबरोबर एकाच ताटात जेवली, त्याच्या डब्यात लिंबाचं लोणचं घातलं, आणि अतुल ते लोणचं चवीनं खातो हे कडूबाईला त्याच कंपनीत नवरा असलेल्या शेजारणीकडून कळलं. आठ वर्षं ती त्याला बिनमिरचीचं, बिनलोणच्याचं घालत होती. कुणी सांगितलं होतं तसं घालायला? कुणीच नाही. तिला वाटलं म्हणून.

शेवटी कडूबाईनं बाटली कनवटीच्या बटव्यात घातली. आंघोळीलासुद्धा बटवा दोरीवर टांगून आत जायची, डोळा दोरीवर.

महिन्याच्या आठ तारखेला सकाळी ते फुटलं. अतुलनं आईच्या हातची गोळी घेतली, विशाखानं आपली घेतली. पेला धुताना विशाखा म्हणाली, "आत्या, बाटली फळीवर राहू द्या ना. तुम्ही थकलात आता. माझी मी घेतेच, त्यात त्यांची काय जड आहे?"

"थकले? तू आलीस तवा कळलं व्हय मला, मी थकले ते?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मग कसं? अडतीस किलोचा होता हा. मी हागलंमुतलं काढलं. आयत्या अठ्ठावन्न किलोवर येऊन बसलीस, अन् वर बाटली मागतीस. तुझा पहिला नवरा होता की. त्याला दिल्यास का गोळ्या टायमावर?"

अतुल बूट घालत होता, त्याचा हात थांबला.

विशाखानं पेला पालथा घातला. ती वर न बघताच बोलली. "त्यांना त्यांची आई द्यायची. मला हात लावू देत नव्हती. एकदा ती रुसून भावाकडं गेली, तेव्हा गोळ्या बंद पडल्या. पुढं कधी सुरू, कधी बंद, असंच झालं."

"म्हंजी मी तशी?"

"आई, पुरे आता," अतुल म्हणाला. रागानं नाही, दमून. ते दमलेलं बोलणंच कडूबाईला लागलं. रागावला असता तर तिनं दोन शब्द जास्त सुनावले असते आणि संध्याकाळी त्याच्या आवडीचं वांगं केलं असतं. दमलेल्या माणसाचं काय करायचं?

तो कामावर गेला आणि दहाच्या एसटीनं कडूबाई देवगाव रंगारीला लेकीकडं निघाली. बटवा कमरेला होता. पुढं ती सगळ्यांना सांगायची, की बाटली बटव्यात राहिली हे वेरूळ गेल्यावर ध्यानात आलं. बटवा घर सोडायच्या आधीच तीनदा चाचपला होता, हे सांगायची नाही.

तिचा होरा सरळ होता. उद्या सकाळी सातला पोराला गोळी मिळणार नाही. आठच्या आत त्याचा फोन येईल, आणि दुपारपर्यंत तो दारात. मग ती लगेच उठणार नव्हती. चहा होऊ देणार होती.

देवगावात लेक रत्नमालानं बटवा बघितला आणि विचारलं, "ही दादाची बाटली ना? मग तो काय खाणार?"

"यील न्यायला."

"अन् नाही आला तर?"

"गोळीबिगर ऱ्हातो का तो? आठ वर्सं झाली."

दुसऱ्या दिवशी सातला कडूबाई ओट्यावर बसली. झाकण काढून बघितलं. बावीस. आठ वाजले, नऊ वाजले. फोन आला नाही. रत्नमाला म्हणाली, "ह्यांना मोटारसायकलवर पाठवते, देऊन येतील."

"काय गरज न्हाय. माझ्या हातानं दीन."

"आई, एका दिवसाचं ठीक आहे. गोळ्या बंद पडल्या की तो आजार पुन्हा डोकं काढतो, तूच सांगायचीस ना मला? मग तुझा हात मोठा की दादा?"

"लई शिकलीस. अद्रक निवड जा."

रत्नमाला अद्रक निवडायला गेली. तो प्रश्न मात्र ओट्यावरच राहिला.

चौथ्या दिवशी अतुलचा फोन आला. तब्येत कशी, गुडघा कसा, कधी येतीस. गोळीचं अवाक्षर नाही. कडूबाई त्याच्या आवाजात खोकला शोधत होती. सापडला नाही. तिला बरं वाटायला हवं होतं. तिला वाटलं, त्या बयेनं याला गोळीच विसरायला लावली की काय. मग वाटलं, विसरला नसेल तर त्याहून वाईट. तिनं बाटलीचं नाव काढलं नाही. त्यानं काढायला पाहिजे होतं.

पाचवा दिवस गेला, सहावा गेला. रोज सातला बावीसच. आता तिला अप्पाराव दिसायला लागला. त्याचे खाटेबाहेर आलेले पाय, कुणीच न उचललेला त्याचा डबा. आठव्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. जावई दोनदा गाडीची किल्ली हातात घेऊन समोर येऊन उभा राहिला आणि दोनदा ती "बस रे गप" म्हणाली. नवव्या दिवशी, सतरा तारखेला, ती कुणाला न सांगता स्टँडवर गेली. एसटीत सगळा वेळ तिनं बटवा मुठीत धरला होता. माझा हात मोठा नाही, असं ती मनात म्हणत होती. फक्त पोरगं धड दिसू दे.

पोरगं धड दिसलं. नुसतं धड नव्हे. संध्याकाळी अतुल कामावरून आला तो हसत, केस नीट कापलेले, गालावर तकाकी. कडूबाईचा जीव भांड्यात पडला. तो जिवंत होता, ठणठणीत होता, आणि हे सगळं तिच्याशिवाय होता.

"गोळ्या?"

"घेतल्या की. रोज. विशाखाकडं जालन्याची जुनी बाटली होती शिल्लक."

विशाखा कोपऱ्यात भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. कडूबाईनं तिच्याकडं बघितलं आणि तिला अंधारात दिवा लागल्यासारखं झालं. जिच्याकडं जुनी बाटली शिल्लक राहते, तिनं त्या गोळ्या खाल्लेल्या नसतात. गोळ्या चुकवणारी बाई ही. आणि हिच्या हातात माझा लेक? पुढचे अकरा दिवस तिनं सुनेशी अबोला धरला. सकाळी मुकाट लेकाला गोळी दिली, आणि अठ्ठावीस तारखेची वाट बघितली. त्या दिवशी तिघांनाही सेंटरवर जायचं होतं.

अजरा मॅडमनी आधी विशाखाची बाटली ओतली. दोन गोळ्या. पुस्तकात खूण केली. "बरोबर." मग अतुलची ओतली आणि बोटानं सरकवत गेल्या. अकरा.

"अम्मा, दोन पाहिजेत. नऊ जास्त आहेत. नऊ दिवस चुकले?"

आठ वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलावर तिची मोजणी चुकली होती. पण कडूबाई त्यासाठी तयार होऊन आली होती.

"चुकले न्हाईत. ती बाटली माझ्यासंगं गावाला गेली होती. राहिली बटव्यात. त्या नऊ दिसांच्या त्यानं हिच्या खाल्ल्या. हिच्याकडं जालन्याची बाटली आहे लपवलेली. आता तुमीच सांगा मॅडम, गोळ्या रोज खाणाऱ्या बाईकडं जुनी बाटली उरतीच कशी? हिलाच विचारा, तिकडं किती चुकवल्या ते. अन् असल्या बाईच्या हातात मी माझं पोरगं द्यायचं?"

तिचा आवाज बाकड्यांपर्यंत गेला. दोन-तीन माणसांनी माना वळवल्या.

अजरा मॅडमनी विशाखाचं पुस्तक मागं उलटलं. "जालन्याहून ती इकडं बदलून आली ना, तेव्हा मीच मोजल्या होत्या. तीन गोळ्या होत्या, तीनच पाहिजे होत्या. हिच्याकडं दुसरी बाटली नाही, अम्मा."

"मग मी काय खाल्लं?" अतुल म्हणाला.

मॅडमनी टेबलावरच्या दोन गोळ्या बोटानं पुढं ओढल्या. "तू हिच्या या बाटलीतल्या खाल्ल्या. नऊ. हिनं पण खाल्ल्या असत्या तर ही बाटली आठवडाभर आधीच संपायला पाहिजे होती. पण ती बरोबर भरली." त्या विशाखाकडं वळल्या. "बेटा, ते नऊ दिवस तू काय खाल्लंस?"

विशाखा पदराच्या टोकाला गाठ मारत राहिली.

"विशाखा?"

"काही नाही," ती म्हणाली. "बावीस होत्या. दोघांनी खाल्ल्या असत्या तर अकरा दिवसांत दोघांच्या संपल्या असत्या. आत्या कधी येतील ते माहीत नव्हतं. यांना टीबी झालेला आहे, एकदा पार खाली गेलेत. माझं तसं झालेलं नाही. मला चालंल असं वाटलं."

"असं ठरवायचं नसतं," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्यात हसू नव्हतं. "इथं आली असतीस तर मी दिल्या असत्या."

अतुलचा चेहरा उतरला होता. "मला का नाही सांगितलंस? मी त्याच दिवशी देवगावला जाऊन बाटली आणली असती."

"म्हणूनच," विशाखा म्हणाली. आणि मग इतके दिवस ज्या बाईला आवाज नव्हता, ती एकदम मोकळी झाली. "तुम्ही गेला असता आणि बाटलीबरोबर आत्यांना घेऊन आला असता. इथं मॅडमना सांगितलं असतं तर यांनी तुम्हाला फोन केला असता, ते पण तेच. मला ते नको होतं. मला बघायचं होतं, माझ्या हातून तुम्ही नीट राहता का. मला थोडे दिवस घर माझं पाहिजे होतं. बास. मी काही लई चांगली म्हणून नाही केलं ते."

कडूबाई टेबलाची कड धरून बसली होती. हे तिला ओळखीचं होतं. हे तर तिचंच बोलणं, दुसऱ्या तोंडातून. ओट्यावर बसून ती नऊ सकाळी जे म्हणत होती, ते ही तिकडं घरी चुलीपाशी म्हणत होती. दोघीही त्या पोराचा जीव पणाला लावून बसल्या होत्या. नाही, दोघी नव्हे. तिनं पोराचा लावला होता. विशाखानं स्वतःचा.

आणि तेव्हा कडूबाईला जो हेवा वाटला, तसा आयुष्यात वाटला नव्हता. लोणच्याचा नव्हे, बांगड्यांचा नव्हे. आठ वर्षं तिनं लेकाच्या हातावर जी गोळी ठेवली, ती त्याचीच होती. सरकारनं दिलेली, त्याच्या नावाची. तिचा होता तो निव्वळ हात. या पोरीकडं द्यायला स्वतःची गोळी होती आणि तिनं ती नऊ वेळा दिली. कडूबाईकडं तसलं काही नव्हतं आणि कधी होणारही नव्हतं.

"हिला काय हुईल?" तिनं विचारलं.

"अकरा दिवस झाले पुन्हा सुरू होऊन, ते चांगलं आहे. डॉक्टर बघतील. रक्त घेऊ, काही आठवड्यांनी पुन्हा घेऊ. हिची तब्येत मुळात बरी होती, बहुतेक सावरेल. पण बहुतेकच. पुन्हा असं झालं, तर ही गोळी लागू पडायची बंद होऊ शकते." मॅडमनी पेन उचललं. "मला लिहावं लागेल, अम्मा. बाटली कोणी नेली ते."

"राहिली" असं ती एकदा बोलून बसली होती. तेच पुन्हा म्हटलं असतं तर कुणी खोडलं नसतं. बाकड्यावरची माणसं ऐकत होती. त्यातल्या एकीला मागच्याच महिन्यात मॅडमनी सांगितलं होतं, या अम्माला बघा. ती आता बघतच होती.

"राहिली न्हाय," कडूबाई म्हणाली. "नेली. जाणून नेली. तसं लिहा. अन् ह्याच्या पुस्तकातलं माझं नाव काढा, हिचं घाला."

"आई," अतुल म्हणाला.

"तू गप. तुझं नाय चाललेलं इथं." ती मॅडमकडं वळली. "हिच्या पुस्तकात कुणाचं हाय?"

"रिकामं आहे."

"मग तिथं माझं टाका."

विशाखा म्हणाली, "मला कुणी द्यायची गरज नाही. माझी मी घेते."

"घेतलीस की नऊ दिस," कडूबाई म्हणाली. "बघितलं समद्यांनी."

बाकड्यावर कुणीतरी हसलं. विशाखा हसली नाही, पण पुन्हा नकोही म्हणाली नाही. मॅडमनी लिहिलं. कडूबाईनं वाकून बघितलं. नाव तेच होतं, पुस्तक दुसऱ्याचं. तिला ते परक्याच्या घरावर आपल्या नावाची पाटी लावल्यासारखं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आत गेली नाही. अंगणात बाजेवर बसून राहिली. आत बाटलीचं झाकण निघालं, पाणी ओतल्याचा आवाज झाला, विशाखा काहीतरी बोलली आणि अतुल हसला. काय बोलली ते ऐकू आलं नाही. कडूबाईचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्यांना काही काम नव्हतं. उठावं, आत जावं, त्याला आ करायला लावावं, असं तिच्या मनात तीनदा आलं. तीनदा ती बाजेची दोरी ओढून घट्ट करत राहिली.

मग विशाखा बाहेर आली. एका हातात पेला, दुसऱ्या हातात गोळी. ती सासूपुढं उभी राहिली, गोळी तोंडात टाकली, पाणी प्याली आणि जायला वळली.

"थांब," कडूबाई म्हणाली. "काय म्हणालीस त्याला? हसला तो."

"आमचं होतं काहीतरी."

कडूबाईनं तिच्याकडं बघितलं. पोरीच्या डोळ्यांत भीती नव्हती, आणि तसा विजयही नव्हता.

"बरं," ती म्हणाली. "उद्या पाणी जरा कोमट घे. थंड पाण्यानं तुला खोकला येतो."

आत अतुल बूट शोधत होता आणि बायकोला हाक मारत होता. ते बूट बाजेखाली होते, कडूबाईच्या पायाशी. तिनं त्याला थोडं शोधू दिलं.